समुद्रतळाचा सात-बारा कोणाच्या नावावर?

सात-बाराचा उतारा म्हणजे काय, हे गावाकडे शेती असलेल्या घरांतील मुलांना सांगावे लागत नाही. जमीन किती, कोणाची, ती कोण कसतो, तिच्यावर बोजा कोणता, हे सारे त्या एका कागदावर असते. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळात सागरी खनिजांविषयी बोलताना मी सहज विचारले, "समुद्राच्या तळाचा सात-बारा कोणाच्या नावावर असेल?" वर्ग हसला. मागच्या बाकावर बसलेली, वेसाव्याच्या कोळीवाड्यातून येणारी एक मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "सर, आमच्या आजोबांची जागा आहे समुद्रात. डोल जाळ्याचे खांब ठोकलेत ना, ती. कागद नाही, पण सगळ्या गावाला माहीत आहे."

मी भौतिकशास्त्र शिकवतो. त्या दिवशी दाब, घनता आणि द्रवांची श्यानता यांवर बोलायचे असे ठरवून गेलो होतो. तिच्या उत्तराने तासाची दिशाच बदलली, आणि नंतरचे काही महिने मी भौतिकशास्त्राच्या बाहेरचे बरेच काही वाचत बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम कायद्याची वाटणी पाहू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र हा त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासे आणि खनिजे यांवर किनारी देशाचा हक्क असतो. काही ठिकाणी जमिनीचा उतार समुद्राखाली आणखी लांबवर जातो, तेथे तळावरचा हक्कही थोडा पुढे सरकतो. त्याच्याही पलीकडे जो अफाट समुद्रतळ उरतो तो कोणत्याच देशाचा नाही. आणि आपल्या गोष्टीतील काळे गोटे नेमके तेथेच पडलेले आहेत.

हे गोटे प्रथम वर आणले 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने. १८७२ ते १८७६ या काळात या जहाजाने जगभरच्या समुद्रांचा तळ खरवडून पाहिला, तेव्हा बटाट्याएवढे, काळपट, खडबडीत गोळे जाळ्यात आले. कापून पाहिले तर कांद्यासारखे पापुद्रे, आणि मध्यभागी पुष्कळदा शार्क माशाचा दात! समुद्राच्या पाण्यात आणि तळच्या चिखलात विरघळलेले मँगनीज, लोह, निकेल, तांबे आणि कोबाल्ट त्या दाताभोवती कणाकणाने साचत जाते. गोटा वाढतो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. तीन सेंटिमीटर त्रिज्येचा गोटा तुमच्या तळहातावर ठेवला, तर तुम्ही सुमारे एक कोटी वर्षे हातात धरली आहेत असे समजा. माणूस त्या मानाने कालपरवाचा.

आपल्या देशाचा या गोट्यांशी संबंध आला तो 'गवेषणी'मुळे. १९७६ साली मिळालेले हे आपले पहिले समुद्रसंशोधन जहाज, आणि ते चालवणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे. (तिचे एक विभागीय केंद्र अंधेरीला, चार बंगल्याहून लोखंडवालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्याने रोज शिकवणीला जाणाऱ्या किती मुलांनी त्याची पाटी वाचली असेल, देव जाणे.) संस्थेचे त्या वेळचे संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी, प्रजासत्ताकदिनी, हिंदी महासागराच्या तळावरून पहिले गोटे वर काढले. त्याच वर्षी केंद्र सरकारने महासागर विकासासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

एवढी लगबग कशासाठी? कारण तेव्हा जगात एक मोठी वाटणी चालू होती.

वाटे करणारा आणि उचलणारा

१९६७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात माल्टा या चिमुकल्या देशाचे राजदूत आर्विड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांत एक दीर्घ भाषण केले. खोल समुद्रातील संपत्ती ज्यांच्याकडे तंत्रज्ञान आहे ते देश लुटून नेतील, म्हणून हा तळ साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ पासून देशोदेशींचे प्रतिनिधी वाटाघाटींना बसले. मधल्या काळात एक गंमतही झाली. १९७४ साली एक प्रचंड अमेरिकन जहाज गोटे काढायला निघाल्याची बातमी गाजली. पुढे उघड झाले की गोट्यांचे निमित्त करून ते जहाज बुडालेली रशियन पाणबुडी गुपचूप उचलत होते! जगाला मात्र तोवर वाटत राहिले की समुद्रातील खाणी आता उद्या-परवाच सुरू होणार.

१९८२ साली सागरी कायद्याचा करार झाला. समुद्रतळ आणि त्याची साधनसंपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा आहे, हे वाक्य त्यात कायद्याच्या भाषेत उतरले. ज्या देशांनी आधीच पैसा ओतून शोध घेतला होता त्यांना पथदर्शक गुंतवणूकदार म्हणून अग्रहक्क मिळणार होता. त्यासाठी ३ कोटी डॉलर खर्च केलेले असण्याची अट होती. श्रीमंत देशांना त्यासाठी १ जानेवारी १९८३ ची मुदत होती, विकसनशील देशांना आणखी दोन वर्षांची सवलत. 'गवेषणी'च्या धावपळीचे मर्म आता ध्यानात येईल. १९८७ साली या यादीत नोंद झालेला जगातील पहिला देश होता भारत.

आता वाटणीची युक्ती पाहा. दोन भावांत शेत वाटायचे असले की गावाकडचे शहाणे लोक सांगतात, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे करणारा मग आपोआप प्रामाणिक राहतो. करारातही तसेच आहे. भारताने ३ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र शोधून पुढे ठेवले, म्हणजे जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढे. त्यातील निम्मे भारताला मिळाले, निम्मे विकसनशील देशांसाठी राखून ठेवले गेले. पुढे ठरल्याप्रमाणे आपल्या वाट्यातीलही निम्मा भाग परत केल्यावर आज ७५ हजार चौरस किलोमीटर उरले आहे. ही जागा कन्याकुमारीच्या दक्षिणेला दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, विषुववृत्ताच्या पलीकडे आहे. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात असलेल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ साली करार होऊन तेथे शोध घेण्याचा हक्क आपल्याला मिळाला, आणि त्याची मुदत नंतर वाढवून घेतली गेली. लक्षात घ्या, हा हक्क शोध घेण्याचा आहे, खणण्याचा नव्हे.

त्या जागेत ३८ कोटी टन गोटे असल्याचा शासकीय अंदाज आहे. ३८ कोटी टनांना ७५ हजार चौरस किलोमीटरने भागा. दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो येतात. घरातल्या एका फरशीवर पाच किलो बटाटे पसरल्यासारखे. त्यात ४७ लाख टन निकेल, सुमारे ४३ लाख टन तांबे आणि साडेपाच लाख टन कोबाल्ट आहे. मँगनीज तर सव्वानऊ कोटी टनांच्या घरात, पण मँगनीज आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडेही निघते. कोबाल्ट आणि निकेल मात्र आपण बाहेरून आणतो, आणि विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्यांना ते लागतात. (लोह व फॉस्फेट वापरून केलेल्या बॅटऱ्यांना हे दोन्ही धातू लागत नाहीत, हेही सांगून ठेवतो. गोट्यांची किंमत पुढे काय राहील, याचा अंदाज बांधणारे १९७० च्या दशकातही फसले होते.)

गढूळ पाण्याचे गणित

गोटे साडेपाच हजार मीटर खोलीवर आहेत. तेथे दर चौरस सेंटिमीटरवर साडेपाचशे किलोहून अधिक भार पडतो. तरीही यंत्रे तेथे पोचली आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे 'वराह' हे पट्ट्यांवर चालणारे यंत्र २०२१ साली ५,२७० मीटर खोलीवर तळाच्या चिखलात चालवून पाहण्यात आले. त्याच वर्षी केंद्राने ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. तिच्याखाली तिघांना सहा हजार मीटरपर्यंत नेणारे 'मत्स्य ६०००' हे वाहन तयार होत आहे. तंत्रज्ञान हा काही आता अशक्य कोटीतला प्रश्न राहिलेला नाही.

मग अडते कोठे? एक उदाहरण सोडवू. समजा एका खाणीने वर्षाला ३० लाख टन गोटे काढायचे ठरवले. दर चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे वर्षाला ६०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची सारी जमीन, वरचा थर काढून, दरवर्षी एकदा. त्या थरातच तेथील बहुतेक जीव राहतात: समुद्रकाकड्या, वळवळे कृमी, नाजूक स्पंज. काही जीवांना चिकटून बसायला कठीण जागा लागते, आणि त्या मऊ चिखलात कठीण असे फक्त गोटेच असतात.

खरवडलेल्या जागेबाहेरचे काय, हे पाहायला स्टोक्सचा नियम कामी येतो. द्रवात बुडणाऱ्या बारीक गोलाकार कणाचा अंतिम वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कण निम्मा झाला की वेग पाव होतो. थंडगार समुद्राच्या पाण्यात १० मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण दिवसाला सुमारे ४ मीटर खाली येतो. २ मायक्रॉनचा कण मात्र दिवसाला सतरा-अठरा सेंटिमीटरच. यंत्राने तो तळापासून दहा मीटर उंच उडवला तर परत टेकायला जवळजवळ दोन महिने लागतील. तळाजवळ सेकंदाला तीन सेंटिमीटर इतका मंद प्रवाह धरला, तरी तेवढ्या काळात तो दीडशे किलोमीटर दूर जाईल. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि लवकर बसतात, तेव्हा हे उत्तर कमाल मर्यादेचे समजावे. पण या तळावर हजार वर्षांत साचणारा गाळच काही मिलिमीटरचा असतो, आणि तेथील जीवांना तेवढ्याचीच सवय आहे.

हे घरी करून पाहता येईल. काचेच्या दोन उंच बाटल्यांत पाणी घ्या. एकीत चमचाभर वाळू, दुसरीत चमचाभर वाळवून कुटलेली चिकणमाती टाकून हलवा. वाळू मिनिटभरात बसेल. मातीच्या बाटलीकडे दुसऱ्या दिवशी पाहा, मग तिसऱ्या दिवशी पाहा. आता तिसरी बाटली घेऊन त्यात माती आणि चिमूटभर मीठ एकत्र टाका. समुद्रात कण लवकर का चिकटतात, याचा सुगावा लागेल.

अनुभव काय सांगतो? प्रशांत महासागरात, हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्या दरम्यान, १९७९ साली एका खाणयंत्राची चाचणी झाली होती. ४४ वर्षांनी शास्त्रज्ञ तेथे पुन्हा गेले तेव्हा यंत्राचे चाकोरे जसेच्या तसे होते. काही लहान, हिंडते-फिरते जीव परतले होते. एका जागी चिकटून राहणारे मोठे जीव फारच थोडे. आपल्या शास्त्रज्ञांनीही १९९७ साली मध्य हिंदी महासागरात एका पट्ट्यातला गाळ मुद्दाम ढवळून, त्याचे काय होते याचा पुढे कित्येक वर्षे मागोवा घेतला. खाण काढण्याआधी हानी मोजून पाहावी, हा विचार तेव्हा करणारे देश फार नव्हते.

'नाही' म्हणणे कठीण का?

इथपर्यंत माझा विषय होता. पण हानी किती, हे मोजून झाल्यावर "एवढी हानी चालेल का, आणि कोणाला चालेल?" हा प्रश्न उरतोच. तो कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. गेली काही वर्षे समाजशास्त्रज्ञ, कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक किंग्स्टनच्या बैठकांना बसतात आणि कोण बोलतो, कोण गप्प राहतो, मसुद्यातील शब्द कोणाच्या सोयीने बदलतात, याच्या नोंदी करतात. मला आधी हे किरकोळ काम वाटले होते. नियम वाचल्यावर मत बदलले.

प्राधिकरणाचे सुमारे १७० सदस्य आहेत, पण खाणीच्या अर्जावर निर्णय घेते ३६ देशांचे मंडळ. त्या ३६ जागाही गटागटांनी भरलेल्या: धातू जास्त वापरणारे देश, शोधात पैसा घातलेले देश (भारत यांत येतो), धातू निर्यात करणारे देश, आणि असेच आणखी. १९९४ च्या पूरक करारानुसार तज्ज्ञ आयोगाने अर्ज मंजुरीयोग्य ठरवला की मंडळाने तो मंजूर करायचाच असतो. नाकारायचा असेल तर दोन-तृतीयांश मते हवीत, आणि शिवाय प्रत्येक गटात बहुमत हवे. आपल्या गृहनिर्माण संस्थेत असा नियम असता तर? गच्चीवर मनोरा बसवायला कोणाची मान्यता लागणार नाही, पण रोखायला दोन-तृतीयांश सभासद आणि शिवाय प्रत्येक विंगेचे बहुमत लागेल. भांडण नियम लिहितानाच का होते, ते यावरून कळावे.

नाऊरूची गोष्ट अशीच. प्रशांत महासागरातील हा देश अवघ्या २१ चौरस किलोमीटरचा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे जवळजवळ पाच देश मावतील. तेथील फॉस्फेट विसाव्या शतकात परक्यांनी आणि नंतर स्वतः देशाने इतके उपसले की बेटाचा मधला बहुतेक भाग उजाड खडकांचा झाला. याच नाऊरूने २०२१ च्या जूनमध्ये एका परदेशी कंपनीच्या वतीने प्राधिकरणाला नोटीस दिली: दोन वर्षांत खाणकामाचे नियम पूर्ण करा, नाहीतर आहे त्या स्थितीत अर्ज विचारात घ्या. जमीन खणून गरीब झालेला देश समुद्र खणायला निघाला, याला लोभ म्हणायचे की नाइलाज? माझे मत नाइलाजाकडे झुकते. पण आपण मुंबईत बसून हे ठरवणे सोपे आहे, हेही कबूल करतो.

दोन वर्षांची मुदत २०२३ च्या जुलैमध्ये संपली आणि नियम अपुरेच राहिले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने, जी या करारात कधी सामीलच झाली नाही, स्वतःच्या १९८० च्या कायद्याखाली परवाने देण्याचे पाऊल उचलले. तर पस्तीसहून अधिक देश म्हणतात, पुरेसे कळेपर्यंत खाणी नकोतच. भारत त्यांत नाही. भारताला नियम झालेले हवे आहेत. ज्याने चार दशके पैसा आणि माणसे खर्ची घातली त्याची ही भूमिका समजण्यासारखी आहे. दुसरी बाजूही आहे. आज जगातील बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो आणि तेथे लहान मुलेही खाणीत राबतात. खोल समुद्राचा कैवार घेताना ती मुले नजरेआड करून चालणार नाही.

आणि सामाईक वारशाचा वाटा? समजा एका खाणीतून प्राधिकरणाला वर्षाला ५ कोटी डॉलर मिळाले. (आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे.) तो ८०० कोटी माणसांत वाटला तर माणशी अर्धा सेंट पडतो, म्हणजे पन्नास पैशांच्या आसपास. वर्षाचे!

कोळीवाड्याचा प्रश्न

त्या मुलीला मी सांगितले की हे गोटे फार दूर आहेत, वेसाव्याच्या जाळ्यांशी त्यांचा थेट संबंध नाही. ती म्हणाली, "मग जवळचं कोण काढणार?" प्रश्न रास्त होता. आपल्या सागरी हद्दीतील खनिजांसाठी वेगळा कायदा आहे, २००२ चा, आणि तो २०२३ साली बदलून लिलावाची पद्धत आणली गेली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये १३ सागरी पट्टे प्रथमच लिलावाला निघाले: गुजरातलगत चुन्याचा गाळ, केरळलगत बांधकामाची वाळू, ग्रेट निकोबारजवळ धातूंचे गोटे व थर. केरळातील मच्छीमारांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये किनारपट्टीवर बंद पाळला, आणि मार्चमध्ये तेथील विधानसभेने या वाळू उपशाविरुद्ध ठराव केला. आपल्याकडे रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्या येथील उपसागरांच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. टायटॅनियमचे हे खनिज. 'मत्स्य'च्या माणसांना बसवणारा गोलही टायटॅनियमच्या मिश्रधातूचाच. तेव्हा धातू नकोच, असे म्हणणारा मीही नाही.

मात्र काळबादेवीच्या वाळूवर उद्या कोणी यंत्र लावायचे ठरवले, तर विचारायचे कोणाला? समुद्रात ठोकलेल्या खांबांवरचा हक्क गाव मानते, शेजारचे गाव मानते, कधी त्यावरून भांडते, पण उताऱ्यावर तो नसतो. नकाशावर ती जागा रिकामीच दिसते. समाजशास्त्राचे अभ्यासक कोळीवाड्यांत जाऊन अशा जागा, त्यांची नावे आणि वापरणारी घराणी लिहून घेतात, ते याचसाठी.

पुढच्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेत किंग्स्टनची सभा भरवली. एका टेबलावर नाऊरू, एकावर भारत, एकावर खाण कंपनी, एकावर काँगो, एकावर बॅटरीचा कारखाना. समुद्रकाकडीचा प्रतिनिधी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी बोरिवलीहून येणारा एक अबोल मुलगा उठला आणि सगळ्यांत जास्त वेळ तोच बोलला. वेसाव्याच्या मुलीने भारताची खुर्ची मागून घेतली. तिने शोध चालू ठेवायला हात वर केला, खाणीला केला नाही. नाकारण्याच्या ठरावाला मते पडली अठ्ठावीसपैकी सतरा. दोन-तृतीयांशाला दोन कमी. नियमाप्रमाणे खाण मंजूर झाली, आणि वर्गात असा गोंधळ उडाला की शेजारच्या वर्गावरचे सर पाहायला आले.